कीबोर्ड, पेन आणि कव्हरसह मिळणारा स्वस्त टॅब घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-महाविद्यालये सुरू होण्याच्या सुमारास आणि पुन्हा दिवाळीच्या खरेदीत एका प्रकारचा कॉम्बो हमखास दिसू लागतो. दहा इंची टॅब, त्यासोबत ब्लूटूथ कीबोर्ड, माउस, पेन, कव्हर, इअरफोन आणि स्क्रीन गार्ड, असे सगळे मिळून आठ ते बारा हजार रुपयांत. मुलांसाठी टॅब शोधणारे पालक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी आणि वाचनासाठी मोठा पडदा हवा असलेले ज्येष्ठ नागरिक याविषयी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व उत्तरांमागचा विचार एकच आहे. जी गोष्ट नंतर बदलता येत नाही तिच्यासाठी आधी पैसे मोजावेत, आणि जी कोपऱ्यावरच्या दुकानात केव्हाही मिळते तिच्यासाठी टॅबच्या दर्जाशी तडजोड करू नये.

इतक्या वस्तू एकत्र मिळत असतील, तर त्यात तोटा कसला?

तोटा आहेच असे नाही, पण तो आहे की नाही हे कागदावर हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. समजा कॉम्बोची किंमत ९,९९९ रुपये आहे. त्यातील प्रत्येक वस्तू आपण सुटी घेतली असती तर तिला किती रुपये दिले असते, ते एकेका ओळीत लिहावे. उदाहरणादाखल साधा ब्लूटूथ कीबोर्ड ६००, माउस ३००, कव्हर ४००, रबरी टोकाचे पेन १००, इअरफोन १५० आणि स्क्रीन गार्ड १५० धरले, तर बेरीज १,७०० होते. म्हणजे टॅबला आपण ८,२९९ रुपये देत आहोत. आता प्रश्न असा विचारायचा, की हाच टॅब एकटा, काहीही सोबत नसताना, या किमतीला मी घेतला असता का?

याच हिशेबातील दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात. यादीत फक्त त्याच वस्तू धराव्यात ज्या आपण खरोखर विकत घेतल्या असत्या. घरात माउस आहे, इअरफोन आहेत, आणि पेनचा काही उपयोग नाही, अशी स्थिती असेल तर केवळ कीबोर्ड आणि कव्हर यांचे १,००० रुपये वजा होतील आणि टॅब आपल्याला ८,९९९ रुपयांना पडेल. खोक्यावरची एमआरपी आणि विक्रीची किंमत यांतील फरकाला मात्र बचत समजू नये. एमआरपी ही जास्तीत जास्त किती किंमत घेता येईल त्याची मर्यादा असते. ती वस्तू बाजारात त्या किमतीला कधी विकली गेली होती, असा तिचा अर्थ होत नाही.

मग टॅबमध्ये नेमके काय पाहावे?

रॅम, साठवणूक, पडदा, प्रोसेसर आणि सॉफ्टवेअर या पाच गोष्टी खरेदीनंतर बदलता येत नाहीत, म्हणून लक्ष याच पाचांवर हवे.

आजच्या अँड्रॉइडवर एकाच वेळी पीडीएफ, ब्राउझर आणि ऑनलाइन वर्ग चालवायचा असेल तर खरी रॅम किमान ४ जीबी हवी. २ जीबी रॅमचा टॅब सुरू होतो, चालतोही, पण एका ॲपमधून दुसऱ्यात गेल्यावर पहिले बंद पडलेले असते आणि व्याख्यान ऐकता ऐकता टिपण काढणाऱ्या मुलाला हे दर पाच मिनिटांनी सोसावे लागते. साठवणूक ६४ जीबीपेक्षा कमी नसावी. ३२ जीबीच्या टॅबमध्ये अँड्रॉइड आणि आधीपासून भरलेली ॲप्स यांनी जागा घेतल्यानंतर हातात बहुधा वीस जीबीच्या आसपासच उरते आणि ॲप्सच्या पुढच्या आवृत्त्या ती हळूहळू खातात. साठवणुकीचा प्रकारही महत्त्वाचा आहे. स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी ही संथ साठवणूक असते, थोड्या वरच्या किमतीत यूएफएस ही वेगवान साठवणूक मिळते आणि ॲप उघडण्याच्या वेगात तो फरक जाणवतो.

पडद्याच्या बाबतीत इंचांपेक्षा पिक्सेल पाहावेत. १०.१ इंची पडद्यावर १२८० × ८०० पिक्सेल असतील तर एका इंचात सुमारे १४९ पिक्सेल येतात, आणि १९२० × १२०० असतील तर सुमारे २२४. व्हिडिओ पाहताना हा फरक फारसा खटकत नाही, पण देवनागरी वाचताना खटकतो. जोडाक्षरे, रफार, अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या लहान अक्षरांत एकमेकांत मिसळतात आणि वाचणारा नकळत डोळे बारीक करू लागतो. ज्यांना मुख्यतः मराठी पुस्तके वा वर्तमानपत्रे वाचायची आहेत त्यांनी बाकी सगळ्या वस्तू सोडून द्याव्यात, पण चांगला पडदा घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पडदा आयपीएस, म्हणजे तिरके पाहिले तरी रंग न बदलणाऱ्या प्रकारचा, आहे ना, हेही विचारावे. टॅब थोडा तिरका करून पाहिल्यावर रंग उलटे वा फिकट दिसत असतील तर तो घेऊ नये.

प्रोसेसरचे नाव जाहिरातीत नुसते ‘ऑक्टा-कोर’ (आठ कोर) किंवा ‘क्वाड-कोर’ (चार कोर) एवढेच दिले असेल तर सावध व्हावे. कोर म्हणजे प्रोसेसरमधील प्रत्यक्ष काम करणारा भाग. युनिसॉक टी६०६, मीडियाटेक हेलिओ जी८५ किंवा हेलिओ जी९९ अशी पूर्ण नावे दिलेली असली की आपण तुलना करू शकतो. टी६०६ मध्ये कॉर्टेक्स-ए७५ प्रकारचे दोन वेगवान आणि कॉर्टेक्स-ए५५ प्रकारचे सहा काटकसरी कोर आहेत. अगदी स्वस्त टॅबमध्ये आढळणाऱ्या ऑलविनर ए१३३ मध्ये मात्र जुन्या कॉर्टेक्स-ए५३ प्रकारचे चारच कोर असतात. कोरची संख्या सारखी असली तरी ते कोणत्या प्रकारचे आहेत यावर वेग ठरतो.

जाहिरातीत ‘१२ जीबी रॅम’ लिहिले आहे. या किमतीत ते शक्य आहे का?

बहुधा ती ४ जीबी खरी रॅम आणि ८ जीबी आभासी रॅम अशी बेरीज असते. आभासी रॅम म्हणजे साठवणुकीचाच एक भाग रॅमसारखा वापरणे. ईएमएमसी साठवणूक खऱ्या रॅमच्या मानाने फारच संथ असल्यामुळे पार्श्वभूमीवरील ॲप टिकून राहण्यास तिची थोडी मदत होते, पण टॅब १२ जीबीच्या टॅबसारखा कधीही चालत नाही. शिवाय तेवढी जागा आपल्या फायलींसाठी कमी पडते. तपशिलाच्या तक्त्यात ‘४ + ८’ असे कोठे बारीक अक्षरांत लिहिले आहे का ते शोधावे आणि अधिक चिन्हाच्या डावीकडचा आकडाच खरा मानावा.

अँड्रॉइडची अगदी नवी आवृत्ती असल्याचा दावा खरा कसा मानावा?

अनोळखी नावांच्या काही टॅबमध्ये सेटिंगमधील ‘अबाउट’च्या पानावर दिसणारा आकडाच बदललेला आढळतो. म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. सीपीयू-झेडसारखे उपकरणाची माहिती दाखवणारे ॲप टाकून एपीआय पातळी, म्हणजे अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक, पाहावी. अँड्रॉइड १३ ची पातळी ३३, १४ ची ३४ आणि १५ ची ३५ असते. पानावर १४ लिहिलेले असताना ॲप २९ दाखवत असेल, तर तो टॅब प्रत्यक्षात अँड्रॉइड १० वर चालतो आहे. रॅम, प्रोसेसर आणि पडद्याचे पिक्सेलही याच ॲपमध्ये ताडून पाहता येतात. त्यासोबत सुरक्षा अद्यतनाची तारीखही बघावी. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर पुढेही अद्यतने येण्याची आशा धरू नये.

आणखी एक तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ विभागात उपकरण प्ले प्रोटेक्ट प्रमाणित, म्हणजे गुगलच्या चाचण्यांत उत्तीर्ण, आहे की नाही हे लिहिलेले असते. ते प्रमाणित नसेल तर टॅब त्याच दिवशी परत करावा. कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून आलेल्या, प्रमाणपत्र नसलेल्या अँड्रॉइड उपकरणांचे ‘बॅडबॉक्स’ नावाचे जाळे सुरक्षा संशोधकांनी २०२३ मध्ये उघड केले, आणि त्याच्या पुढच्या अवताराबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला. त्यात मुख्य भरणा टीव्ही बॉक्सचा असला तरी काही टॅबही सापडले आहेत. ज्या उपकरणावर मुलांचे फोटो आणि आपल्या ईमेलचा पासवर्ड राहणार आहे, त्याच्या बाबतीत हा धोका पत्करण्याइतकी कोणतीही बचत मोठी नाही.

सोबतच्या कीबोर्डवर मराठी टाइप करता येते का?

कळांवर इंग्रजीच अक्षरे छापलेली असतात. पडद्यावरच्या गुगलच्या जीबोर्डमध्ये आपण रोमन अक्षरे दाबून मराठी लिहितो, ती सोय बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवर तशीच मिळेल असे गृहीत धरू नये. दुकानात बसूनच दोन वाक्ये मराठीत टाइप करून पाहावीत. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळमांडणीची सवय असलेल्यांना ती पाठ असते, त्यामुळे कळांवर काय छापले आहे याने त्यांचे अडत नाही, पण टॅबच्या सेटिंगमध्ये तशी मांडणी निवडता येते का हे त्यांनीही तपासावे. ज्यांना मराठीत मोठा मजकूर लिहायचा आहे त्यांच्यासाठी जीबोर्डचे मराठी बोलून टाइप करणे पुष्कळदा या कीबोर्डपेक्षा उपयोगी ठरते.

कीबोर्डला स्वतःची छोटी बॅटरी असते आणि तो वेगळा चार्ज करावा लागतो. त्याचे चार्जिंगचे तोंड टाइप-सी नसून जुने मायक्रो यूएसबी असेल तर घरात आणखी एक केबल सांभाळावी लागते. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेच्या सरावासाठी हा कॉम्बो घेण्याचा विचार असेल तर तो सोडावा. ती परीक्षा संगणकावर होते आणि सरावही पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर, संगणकावरच व्हायला हवा.

पेनने वहीसारखे लिहिता येईल का?

या किमतीच्या कॉम्बोमध्ये मिळणारे पेन बहुतेक वेळा साधे कपॅसिटिव्ह असते, म्हणजे रबरी किंवा चकतीचे टोक असलेले आणि पडद्याच्या दृष्टीने बोटाचेच काम करणारे. दाब किती दिला हे त्याला कळत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे टॅबला पेन आणि तळहात यांतील फरक ओळखता येत नाही. लिहिताना आपण हात वहीवर टेकवतो, तसा तो पडद्यावर टेकवला की पान सरकते किंवा भलतीकडे रेघ उमटते. गणिताची उदाहरणे सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला हात अधांतरी धरून पानभर लिहिणे अशक्यच असते. बटणे दाबणे, पीडीएफवर ओळ अधोरेखित करणे, लहान मुलाने चित्र रंगवणे एवढ्यापुरते हे पेन ठीक आहे.

खरे लिहिण्यासाठी सक्रिय पेन लागते. त्यासाठी पडद्याखाली वेगळा थर किंवा टॅबच्या टच नियंत्रकात वेगळा पाठिंबा असावा लागतो, आणि तो नंतर बसवता येत नाही. म्हणून ‘पेन मिळते’ एवढ्यावर न थांबता त्या मॉडेलला सक्रिय पेनचा पाठिंबा आहे का, असा नेमका प्रश्न विक्रेत्याला विचारावा. उत्तर देताना तो घुटमळला तर पाठिंबा नाही असे समजून पुढे जावे.

कव्हर, स्क्रीन गार्ड आणि इअरफोन यांचे काय?

कव्हर त्याच मॉडेलचे असावे. आमच्या घरी आलेल्या एका कॉम्बोतील कव्हर ‘सर्व १०.१ इंची टॅबसाठी’ होते. त्याच्या चार रबरी कोपऱ्यांपैकी एक आवाजाच्या बटणावर बसत असे, त्यामुळे वर्ग सुरू असताना आवाज आपोआप कमी होत राही, आणि बिचाऱ्या मुलीला पहिले आठ दिवस वाटत होते की शिक्षिकाच हळू बोलत आहेत. शेवटी २५० रुपयांचे दुसरे कव्हर आणले. अनोळखी मॉडेलला नेमके बसणारे कव्हर नंतर बाजारात मिळणे कठीण असते, त्यामुळे कॉम्बोतल्या ज्या एका वस्तूला मी खरोखर किंमत देतो ती म्हणजे नीट बसणारे कव्हर. गार्ड आणि इअरफोन हिशेबात शून्य धरले तरी चालतील.

कॉम्बोमध्ये मेमरी कार्डही मिळते आहे. ते वापरावे का?

वापरण्यापूर्वी त्याची खरी क्षमता तपासावी, कारण जास्त आकडा छापलेली बनावट कार्डे बाजारात पुष्कळ आहेत. अशी कार्डे सुरुवातीला नीट चालतात आणि खरी जागा भरली की पुढच्या फायली मुकाट्याने खराब करतात. संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम पूर्ण कार्ड भरून परत वाचून पाहतो. तोवर त्यावर घरचे फोटो ठेवू नयेत.

चार्जर आणि बॅटरीबाबत कोणती काळजी घ्यावी?

६,००० एमएएचची बॅटरी ३.७ व्होल्टच्या हिशेबाने सुमारे २२ वॅट-तास ऊर्जा साठवते. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा म्हणजे १० वॅटचा चार्जर ती भरायला, वाया जाणारी उष्णता धरून, अडीच ते तीन तास घेतो. यात दोष नाही, फक्त हे आधी माहीत असावे. सोबत ५ वॅटचाच चार्जर दिला असेल तर मात्र टॅब वापरात असताना बॅटरी भरण्याऐवजी उतरतानाही दिसू शकते.

भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. टॅबसाठी आयएस १३२५२ आणि बॅटरीसाठी आयएस १६०४६ हे मानक लागू होते. उपकरणावर किंवा खोक्यावर मानकचिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे समोर येते. दोन मिनिटांचे हे काम विक्रेत्यासमोर उभे राहूनच करावे. लिथियमची बॅटरी मुलाच्या उशाशी चार्ज होणार असते, म्हणून याबाबतीत भीड बाळगू नये.

केवळ वाय-फायचा घ्यावा की सिमचा?

घरी वाय-फाय असेल किंवा फोनचा हॉटस्पॉट चालत असेल तर वाय-फायचा पुरतो आणि वाचलेले पैसे चांगल्या पडद्याकडे वळवता येतात. यूपीआय ॲपची नोंदणी मात्र त्या उपकरणात असलेल्या सिमवरून संदेश पाठवून होते, त्यामुळे वाय-फायच्या टॅबवर ती करता येत नाही. सिमचा टॅब घेतल्यास *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक, बिलावर लिहून घ्यावा.

शालेय अभ्यासासाठी असा टॅब पुरेसा आहे का?

ई-बालभारतीवरील पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ वाचणे, पुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपमधील साहित्य उघडणे आणि ऑनलाइन वर्ग ऐकणे, एवढे काम ४ जीबी रॅमचा साधा टॅब नीट करतो. पाठ्यपुस्तकाचे पान मोठे असते, म्हणून आठ इंचीवर ते सतत मोठे करून सरकवावे लागते. दहा-अकरा इंचीवर उभे धरून सलग वाचता येते. मनोरंजनासाठी घेणाऱ्यांनी वाइडवाइन या व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या गुगलच्या संरक्षण प्रणालीची पातळी ‘डीआरएम इन्फो’ या ॲपने पाहावी. ती एल१ नसून एल३ असेल तर नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी चित्र देत नाहीत, मग पडदा कितीही चांगला असो.

सरकारनेही पूर्वी स्वस्त टॅब आणला होता ना? त्याचा अनुभव काय होता?

होय. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ टॅबचे अनावरण झाले. डेटाविंड कंपनीच्या त्या सात इंची टॅबमध्ये २५६ एमबी रॅम आणि दाबून चालणारा रेझिस्टिव्ह पडदा होता. पडदा आणि वेग या दोन्हींबद्दल लगेच तक्रारी सुरू झाल्या. त्यानंतर हे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी आलेल्या ‘आकाश २’ मध्ये ५१२ एमबी रॅम आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारा कपॅसिटिव्ह पडदा देण्यात आला. हेतू उदात्त होता आणि आजही तो मला महत्त्वाचा वाटतो. पण सुधारणा करताना रॅम आणि पडदा यांनाच आधी हात घालावा लागला, ही नोंद आजच्या खरेदीदारालाही उपयोगी आहे.

याच पैशांत दुसरा पर्याय कोणता?

नामांकित कंपनीचे थोडे जुने मॉडेल, सोबत काहीही नसलेले. उदाहरणार्थ, रेडमी पॅड एसई किंवा सॅमसंग गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस यांच्यात ११ इंची, १९२० × १२०० पिक्सेलचा पडदा आहे. अशी मॉडेल्स सवलतीच्या दिवसांत बऱ्याचदा महागड्या कॉम्बोच्या जवळपास येतात. हजार-दीड हजार जास्त पडले तरी कीबोर्ड दोन महिन्यांनी घेता येतो. हिशेबात कॉम्बोतील टॅबही खरा ४ जीबीचा, प्रमाणित आणि चांगल्या पडद्याचा निघाला, आणि त्यातील वस्तू आपल्याला हव्याच असल्या, तर तो जरूर घ्यावा. कॉम्बो म्हणून तो वाईट ठरत नाही.

दुकानातून घ्यावा की ऑनलाइन?

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वर सांगितलेल्या तपासण्या पैसे देण्यापूर्वीच करता येतात, हा दुकानाचा मोठा फायदा. ऑनलाइन खरेदीत परत करण्याची मुदत आधी वाचावी आणि ‘फक्त बदलून मिळेल’ व ‘पैसे परत मिळतील’ यांतला फरक लक्षात घ्यावा. दोन्हीकडे जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, खोक्यावर आयातदाराचे वा उत्पादकाचे नाव-पत्ता आणि उत्पादनाचा देश लिहिला आहे का ते पाहावे, आणि आपल्या शहरात वा निदान जिल्ह्याच्या ठिकाणी सेवा केंद्र आहे का हे कंपनीच्या क्रमांकावर फोन करून विचारावे. वॉरंटी सहसा टॅबला एक वर्षाची असते. सोबतच्या वस्तूंना ती किती महिन्यांची आहे, की मुळीच नाही, हे बिलावर लिहून घ्यावे.

टॅब सांगितल्याप्रमाणे निघाला नाही तर तक्रार कोठे करावी?

प्रथम विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी. ऑनलाइन विक्री मंचावरील तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार बंधनकारक आहे. त्याने काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण जेथे राहतो वा काम करतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. यासाठी बिल, जाहिरातीचे त्या दिवशीचे स्क्रीनशॉट, खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ आणि सीपीयू-झेडने दाखवलेल्या आकड्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवावेत. विक्रीचे पान नंतर बदलले जाऊ शकते, म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट मागणी नोंदवण्यापूर्वीच घ्यावा.